डावीकडे सायकल आहे

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, कोलकाता
मा. महापौर, कोलकाता महानगरपालिका
मा. सचिव, परिवहन विभाग, पश्चिम बंगाल सरकार
मा. प्रमुख अधिकारी, कोलकाता महानगर विकास प्राधिकरण (केएमडीए)

विषय : शहरातील सायकलबंदी उठवावी आणि बस व सायकल या दोघांनाही रस्त्यावर सुरक्षित वाट मिळावी.

महोदय, महोदया,



मी मूळचा पुण्याचा. २००३ साली नोकरीनिमित्त कोलकात्यात आलो. पहिले आठ-दहा दिवस हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात काढले आणि पुढे त्याच परिसरात बिऱ्हाड केले. दुसऱ्या पगारात सायकल घेतली. तेव्हापासून ऑफिस, बाजार, मुलीची शाळा, सगळे सायकलवरच. आपल्या शहरात सायकलबंदी आली तेव्हा मी रस्त्यावर होतो आणि आजही आहे. म्हणून हे पत्र.

पत्राची बंगाली प्रत आपल्या चारही कार्यालयांत देतो आहे. मराठीत ते छापायला देण्याचे कारण एवढेच, की पुण्यात, नागपुरात, ठाण्यात, कोल्हापुरातही हाच प्रश्न दारात उभा आहे आणि तिथल्या वाचकांनी कोलकात्याकडे पाहून शहाणे व्हावे, तसे कोलकात्यानेही पुण्याच्या चुकांकडे पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी मी रासबिहारी अॅव्हेन्यूवरून घरी येत होतो. डावीकडे फूटपाथला लागून मोटारींची रांग उभी होती, म्हणून मी त्या मोटारींपासून हातभर अंतर ठेवून चाललो होतो. पुढच्या थांब्यावर दहा-बारा माणसे हात करत होती. मागून एकाच मार्गाच्या दोन बस एकमेकींना मागे टाकत आल्या. त्यातली एक थांब्यावरचे प्रवासी आधी गाठण्यासाठी एकदम डावीकडे वळली. बसचा पत्रा आणि उभी मोटार यांच्यात माझी सायकल सापडली. बसच्या दारात लोंबकळणाऱ्या हेल्परने ते पाहिले, पत्र्यावर धाडधाड हात आपटला आणि ओरडला, ‘‘बाँये साइकेल!’’ ड्रायव्हरने ब्रेक दाबला. माझे कोपर सोलवटले, हँडल वाकले, बाकी मी धड राहिलो.

त्या दिवशी मला ना रस्त्याच्या रचनेने वाचवले, ना कुठल्या नियमाने. एका पोराच्या हाताने वाचवले. त्या रात्री मला ड्रायव्हरचाही फार राग आला नाही, कारण तो तसा का वळला हे मला ठाऊक होते. आपल्यालाही ते ठाऊक आहे.

कोलकात्याच्या खासगी बसवर चालक आणि वाहक यांना ठरलेला पगार नसतो. तिकिटांच्या गल्ल्यावर कमिशन मिळते. पुढच्या थांब्यावरचे दहा प्रवासी आपल्या बसमध्ये चढले तर त्या दिवशी घरी चार पैसे जास्त जातात, मागच्या बसने उचलले तर जात नाहीत. बंगालीत या शर्यतीला ‘रेषारेषी’ म्हणतात आणि हा शब्द इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॉल्ट लेकमध्ये अशाच दोन बसच्या चढाओढीत दुचाकीवरून शाळेतून घरी चाललेला एक लहान मुलगा गेला. त्यानंतर कमिशनची पद्धत बंद करण्याची चर्चा झाली. माझ्या पत्राचा पहिला मुद्दा हाच आहे. सायकलस्वाराच्या जिवाला रस्त्यावर जो धोका आहे, त्याचे एक मूळ बसवाल्याच्या पोटात आहे. तिथे हात न घालता डांबरावर कितीही पांढरे पट्टे मारले तरी थांब्यापाशी बस डावीकडे झेपावतच राहील.

आता बंदीविषयी.

२००८ मध्ये पोलिसांनी शहरातल्या ३८ रस्त्यांवर दिवसा सायकलींना मज्जाव केला. २०१३ पर्यंत ही यादी १७४ रस्त्यांपर्यंत वाढली. सायकलींबरोबर हातगाड्या आणि मालाच्या सायकल-व्हॅनही त्यात आल्या. लोक रस्त्यावर उतरले, दूधवाले, पेपरवाले, कारागीर एकत्र आले आणि यादी ६२ रस्त्यांवर आली. जून २०२० मध्ये साथीच्या काळात बस पुरेनात, लोकांना गर्दीची भीती वाटू लागली, तेव्हा लहान रस्त्यांवर आणि गल्ल्यांत आपणच सायकलींना तात्पुरती मोकळीक दिलीत. केएमडीएने शहरासाठी सायकलमार्गांचा आराखडा करवून घेण्याचे काम त्याच वर्षी हाती घेतले. त्या काही महिन्यांत कोलकात्याने सायकलकडे गरजेच्या नजरेने पाहिले होते. संकटाच्या काळात जे वाहन शहराला चालवते, ते संकट सरल्यावर अडथळा कसे ठरते, हा प्रश्न मी तेव्हापासून मनात बाळगून आहे.

ही बंदी कोणावर पडते ते पाहायचे असेल तर आपण एकदा पहाटे ईएम बायपासवर यावे. धापाच्या मळ्यांतून भाजी आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळीतल्या भेड्यांतून, म्हणजे मत्स्यतळ्यांतून, मासळी शहरात येते. ही पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे, जगभर तिचे कौतुक होते. शहराचे सांडपाणी तिथे जाते आणि त्याच पाण्यावर वाढलेले मासे, भाज्या शहराच्या ताटात परत येतात. या चक्राचा शेवटचा टप्पा कित्येकदा सायकलच्या कॅरिअरवर पार पडतो. अॅल्युमिनियमच्या हंडीत जिवंत मासे, वर ओले फडके आणि मासे दगावू नयेत म्हणून पाण्यात अधूनमधून हात फिरवत, भरधाव गाड्यांच्या कडेने निघालेला माणूस. त्याच्या मागे छाना (ताजे पनीर) घेऊन मिठाईच्या दुकानांकडे निघालेले, मग पेपरवाले, मग प्लंबर, रंगारी, वायरमन, रात्रपाळी संपवून निघालेले दरवान, लाँचवर सायकल चढवून हुगळी ओलांडून आलेले कामगार. यातल्या कोणालाही सायकल हा छंद नाही. दोनदा बस बदलून रोज चाळीस-पन्नास रुपये घालवणे परवडत नाही म्हणून ते पॅडल मारतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पश्चिम बंगालमधल्या दर १०० घरांपैकी जवळपास ७९ घरांत सायकल आढळली. देशाची सरासरी ५० च्या आसपास आहे. सायकल बाळगण्यात आपले राज्य देशात पहिले आले. २०१५ पासून आपल्याच सरकारने ‘सबूज साथी’ योजनेत नववी ते बारावीच्या मुलामुलींना एक कोटीहून अधिक सायकली दिल्या आणि पुढे या योजनेला संयुक्त राष्ट्रांच्या माहिती-समाज परिषदेचे पारितोषिक मिळाले. मला या योजनेचा मनापासून अभिमान वाटतो. खेड्यातली मुलगी सायकलवरून शाळेत जाते तेव्हा तिच्या आयुष्याचा परीघच रुंदावतो. पण तीच मुलगी बारावीनंतर कोलकात्यात नर्सिंग शिकायला आली, तर सरकारने दिलेली ती सायकल तिला सरकारच्याच कित्येक रस्त्यांवर चालवता येत नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेऊ नये, एवढेच मागणे आहे.

मराठी माणूस म्हणून या शहरातल्या एका रस्त्याशी माझे वेगळे नाते आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी आणि इथल्या रहिवाशांनी कोलकात्याभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. तो कधी पुरा झाला नाही. १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. बंगालने या स्वाऱ्यांतल्या बारगीरांकडून काय सोसले ते अंगाईगीतांतून आजही इथल्या घरांत ऐकू येते आणि मराठी माणसाने ते मान खाली घालून ऐकावे असेच आहे. त्या सर्क्युलर रोडच्या एका भागाला आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आहे, दुसऱ्या भागाला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे. ‘कुंतलीन’ केशतेलाचे निर्माते हेमेंद्रमोहन बोस यांचे हॅरिसन रोडवर सायकलचे दुकान होते आणि ज्या मित्रमंडळींना त्यांनी सायकल चालवायला शिकवले त्यांत हे दोघेही होते. तिसरे होते डॉक्टर नीलरतन सरकार. त्यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय याच रस्त्यावर, सियालदहजवळ उभे आहे. सायकल शिकलेल्या दोन शास्त्रज्ञांची नावे या रस्त्याला आहेत आणि एका डॉक्टरचे त्यावरच्या रुग्णालयाला. त्याच रस्त्यावरच्या उड्डाणपुलावर सायकलला जागा नाही आणि पुलाखालच्या सावलीत मोटारी उभ्या असतात.

याच शहरातून १९२६ च्या डिसेंबरात बिमल मुखर्जी सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९३७ मध्ये परतले. याच राज्यात, आसनसोलजवळ कन्यापूरला, सेन-रॅलेचा सायकल कारखाना उभा राहिला. पुण्यात माझे वडील खडकीच्या कारखान्यात कामाला सायकलवर जायचे. त्यांची सायकल कन्यापूरहूनच आली होती, हे मला बंगालमध्ये आल्यावर उमगले. सायकल कोलकात्याला परकी नाही. ती या शहराची जुनी ओळख आहे.

आपल्या बाजूची कारणे मी नीट ऐकली आहेत. तीन कारणे नेहमी दिली जातात : रस्त्यांना जागा नाही, सायकलमुळे वाहतूक मंदावते आणि सायकलस्वारांच्याच सुरक्षेसाठी बंदी आहे.

जागा कमी आहे हे खरेच. शहराच्या एकूण जमिनीपैकी सहा-सात टक्केच रस्त्यांखाली आहे, असे नेहमी सांगितले जाते. पण ज्याच्याकडे जागा कमी, त्याने ती जपून वापरायची असते. अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या ‘नॅक्टो’ या संघटनेच्या मार्गदर्शिकेत तीन मीटर रुंदीच्या पट्टीतून तासाला किती माणसे जाऊ शकतात याचा हिशोब दिला आहे. खासगी मोटारी : ६०० ते १,६००. केवळ बससाठी राखलेली पट्टी : ४,००० ते ८,०००. दुतर्फा सायकलमार्ग : ६,५०० ते ७,५००. म्हणजे अरुंद शहराला मोटारच सर्वांत महाग पडते. त्यातही ती रस्त्याच्या कडेला दिवसभर उभी राहिली तर तेवढ्या जागेतून एकही माणूस पुढे जात नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाटताना वाहनांऐवजी माणसे मोजा असे सांगितले, त्याला आता बरीच वर्षे झाली.

वेगाचे म्हणाल तर गर्दीच्या वेळी शहराचा वेग सायकल ठरवत नाही. तो ठरतो सिग्नलवर, थांब्यापाशी तिरक्या उभ्या राहिलेल्या बसपाशी आणि दुहेरी पार्किंगपाशी. सकाळी नऊला रासबिहारी ते एस्प्लनेड कोणीही आपल्या गाडीतून यावे आणि मी सायकलवरून येईन. फार फरक पडणार नाही.

राहिली सुरक्षा. हे कारण मला सर्वांत अधिक खुपते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि सुमारे ४,८०० सायकलस्वार. ज्यांच्यामुळे इतर कोणाचा जीव सहसा जात नाही असे हे दोन समूह आहेत. म्हणून आपण पादचाऱ्यांना रस्त्यावरून हाकलले आहे का? मग सायकलस्वारांना का? बंदीने धोका जात नाही, जागा बदलतो. मोठ्या रस्त्यावर पावती फाटते म्हणून माणूस गल्लीबोळांतून, उलट दिशेने, फूटपाथवरून जाऊ लागतो. कोलकात्यात तर कित्येक एकदिशा रस्त्यांची दिशा दुपारी बदलते. सकाळी जो रस्ता कामाकडे नेतो तो दुपारी उलटा वाहतो आणि सायकलस्वाराला दोन-दोन किलोमीटरचा वळसा पडतो. मोटारीला तो वळसा पेट्रोलचा, सायकलवाल्याला स्वतःच्या पोटऱ्यांचा. मग तो नियम मोडतो आणि आपण म्हणतो, सायकलवाले बेशिस्त आहेत. बेल्जियमने २००४ पासून बहुतेक एकदिशा रस्ते सायकलींसाठी दोन्ही दिशांनी खुले केले, तिथे पाट्या लावल्या, पट्टे आखले. नियम माणसाच्या गरजेला जवळ आणला की तो पाळला जातो.

बस आणि सायकल यांचे वैर असते असे मानून इथे आजवर धोरण ठरले. माझे म्हणणे उलट आहे. बसचा प्रवासी आणि सायकलस्वार एकाच घरात राहतात. आई बसने जाते, बाप सायकलवर. दोघांनाही रस्त्याची डावी कड लागते आणि ती कड दोघांनाही मिळत नाही, कारण तिथे मोटारी उभ्या असतात. ही कड मोकळी करणे हे दोघांचे मिळून मागणे आहे.

ती मोकळी झाल्यावर बस आणि सायकल यांनी एकत्र कसे चालायचे, याचे ज्ञान आता जगाजवळ आहे. लंडनमध्ये बहुतेक बसमार्गिकांत सायकलींना मुभा आहे. पण एका बाबतीत तिथले अनुभवी लोक सावध करतात. ब्रिटनची २०२० ची सायकलरचनेची मार्गदर्शिका सांगते, की सामाईक बसमार्गिका किमान चार मीटरची हवी, साडेचार असली तर बरे. ३.२ ते ३.९ मीटरची मधली रुंदी टाळावी. का, तर एवढ्या जागेत बसवाल्याला वाटते सायकलच्या बाजूने निघू आणि सायकल चिरडली जाते. रुंद पट्टीत बस अंतर राखून पुढे जाते, अगदी अरुंद पट्टीत ती मागे थांबते. आपल्या मुख्य रस्त्यांवर मिनिटाला दोन-तीन बस येतात. तिथे सामाईक पट्टीही पुरेशी नाही. तिथे सायकलमार्ग थांब्याच्या मागून, म्हणजे थांबा आणि फूटपाथ यांच्या मधून न्यावा लागतो. बस सरळ थांब्याला लागते, सायकल मागून निघून जाते, दोघांची वाट कापली जात नाही. प्रवासी उतरतो तिथे सायकलमार्ग किंचित उंच करून पट्टे मारायचे, म्हणजे सायकलस्वार वेग कमी करतो. रासबिहारीवर त्या संध्याकाळी अशी रचना असती तर मी त्या बसच्या डावीकडे सापडलोच नसतो.

आपल्या बसचे स्टिअरिंग उजवीकडे असते. चालकाच्या नजरेत डावी बाजू, विशेषतः पुढच्या चाकाजवळचा भाग, येतच नाही. म्हणून तर इथे दारात हेल्पर उभा असतो. ‘‘आस्ते, लेडीज, कोले बाच्चा!’’ ही त्याची हाक मी या शहरात आल्यावर पहिल्या आठवड्यात शिकलो. कडेवर मूल घेऊन उतरणाऱ्या बाईसाठी अख्खी बस थांबवणारे हे शहर आहे. एवढी माया ज्या शहराच्या बसला शिकवता आली, तिला सायकलसाठी थांबायलाही शिकवता येईल.

आता पुण्याची गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या घरची आहे आणि चांगली नाही. सायकलींचे शहर म्हणून पुण्याचे नाव होते. खडकीच्या कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा पूर यायचा, लहानपणी मी त्यात वडिलांची सायकल शोधत उभा राहायचो. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर पुण्याने देशातली पहिली बीआरटी सुरू केली. रस्त्याच्या मधोमध बसची मार्गिका आणि कडेला सायकलमार्ग, अशी कल्पना होती. कल्पना उत्तम होती. पण सायकलमार्ग मध्येच विजेच्या खांबाशी संपत, चौकात नाहीसे होत, पेव्हर ब्लॉक उखडत, त्यांवर दुचाकी उभ्या राहत, टपऱ्या लागत. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या आणि दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. आता बीआरटीचे काही पट्टेच काढून टाकले गेले आहेत. पुण्यात पैसे होते, आराखडे होते, ठराव होते. नव्हता तो एक जबाबदार माणूस, जो रोज सकाळी मार्गावर जाऊन पाहील की कडेला काय उभे आहे. सायकलमार्ग बांधण्याइतकेच त्याची राखण करणे हे काम आहे.

याउलट स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६-०७ मध्ये वर्ष-दीड वर्षात सुमारे ८० किलोमीटरचे, मोटारींपासून कठड्याने वेगळे केलेले आणि एकमेकांना सलग जोडलेले मार्ग बांधले. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. तुकडे तुकडे जोडत पंधरा वर्षे घालवली नाहीत, जाळे एकदम विणले. काही वर्षांत तिथल्या सायकली अनेक पटींनी वाढल्या. जवळचे उदाहरण हवे तर आपल्याच न्यू टाउनमध्ये सायकलींसाठी वेगळ्या मार्गिका बांधल्या आहेत. पण न्यू टाउनला जागा होती. खरी परीक्षा श्यामबाजारला, मानिकतल्याला, गडियाहाटला आहे.

कोलकात्याजवळ एक संधी अजून शिल्लक आहे. इथे १८७३ मध्ये घोड्यांची आणि १९०२ मध्ये विजेची ट्राम आली. ट्रामसाठी कित्येक रस्त्यांच्या मध्ये राखीव पट्टा होता. तो पट्टा मोटारींना मोकळा करून दिल्यापासून ट्राम मंदावली. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने एस्प्लनेड-मैदान सोडून बाकी ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. ट्राम चालावी असे मला वाटते. पण निर्णय काहीही होवो, तिच्या पट्ट्यांची जागा पार्किंगला आणि मोटारींना जाऊ देऊ नका. ती सार्वजनिक वाहतुकीची जागा आहे. तिथे ट्राम किंवा बस चालवा म्हणजे डावी कड सायकलला मिळेल. ईएम बायपासवर हीच चूक झाली. तिथे केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून बीआरटी व्हायची होती. रस्ता रुंद झाला, बसची वेगळी वाट मात्र आली नाही. आता त्या रुंद रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढला आणि पहाटे तो ओलांडणाऱ्या मासेवाल्याचा धोकाही.

माझ्या मागण्या थोडक्यात मांडतो.

पोलीस आयुक्तांना : सायकलबंदीची यादी रद्द करा. जिथे उड्डाणपुलावर सायकल नेणे खरोखर धोक्याचे आहे, तिथे खालच्या रस्त्यावर तिला पर्याय द्या आणि मगच वरची बंदी ठेवा. बाजार, शाळा, रुग्णालये आणि वस्त्यांच्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लावा आणि कॅमेऱ्याने ती राबवा. ५० च्या वेगातल्या धडकेत ३० च्या तुलनेत जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात ३० चा हाच वेग जगाने मान्य केला आहे. दंडाची पावती सायकलवाल्याऐवजी कडेला मोटार लावणाऱ्यावर फाडा.

परिवहन सचिवांना : बसच्या चालक-वाहकांचे कमिशन बंद करून त्यांना ठरलेला पगार मिळेल अशी अट परवान्यात घाला. एका मार्गावरच्या बसमध्ये ठराविक अंतर ठेवण्याचे काम वाहतूक नियंत्रकाकडे सोपवा. प्रत्येक चालकाला परवाना-नूतनीकरणापूर्वी एक दिवस गजबजलेल्या रस्त्यावर सायकल चालवायला लावा. डावीकडून बस कशी दिसते ते त्याला कळू द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १३८ (१अ) नुसार यंत्राविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. ते नियम सायकलला हटवण्यासाठी नसावेत, जपण्यासाठी असावेत.

महापौर आणि केएमडीए यांना : २०२० चा आराखडा कपाटातून काढा आणि लोकांसमोर ठेवा. सुरुवातीला उत्तर-दक्षिण एक आणि पूर्व-पश्चिम एक असे दोन सलग मार्ग करा. पूर्व-पश्चिम मार्ग धापाकडून बाजारांकडे यावा. सियालदह, हावडा आणि मेट्रो स्थानकांपाशी सायकल ठेवायला राखणीची जागा द्या. गटारांच्या जाळ्या चाकाला आडव्या बसवा. बंद पडलेल्या रुळांच्या खाचा पावसाळ्यापूर्वी सुरक्षित करा, कारण ओल्या खाचेत अडकलेले चाक माणसाला थेट बसखाली फेकते.

आणि आम्हा सायकलस्वारांचेही काही देणे आहे, ते मी इथे जाहीर कबूल करतो. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असलाच पाहिजे. थांबलेल्या बसच्या डावीकडून घुसायचे नाही. सिग्नल आमच्यासाठीही आहे. कानाला मोबाईल लावून हँडल धरायचे नाही. आपण मार्ग दिलात तर हे नियम आम्ही आपल्या वस्त्यांत, संघटनांत, शाळांत शिकवू. हक्क मागणाऱ्याने जबाबदारी उचललीच पाहिजे.

हे सगळे एका दिवसात होणार नाही हे मी जाणतो. पण एक गोष्ट उद्या सकाळी होऊ शकते आणि तिला रुपयाही लागत नाही. सायकलबंदीची यादी रद्द झाल्याचा एक आदेश. त्या एका कागदाने या शहरातले दूधवाले, मासेवाले, कारागीर, घरकाम करणाऱ्या बायका आणि शाळकरी मुले पुन्हा कायद्याने रस्त्यावर येतील. जो माणूस रस्त्यावर असण्याचाच गुन्हेगार आहे, त्याच्यासाठी कोणी मार्ग बांधत नाही, त्याच्यासाठी बस थांबत नाही, त्याची अपघाताची तक्रारही नीट लिहिली जात नाही. तो आधी कायद्याला दिसला पाहिजे. मग तो रस्त्यालाही दिसेल.

रासबिहारीवरच्या त्या पोराला माझे नाव माहीत नव्हते, मी कोणत्या प्रांतातला आहे हे माहीत नव्हते. त्याने फक्त डावीकडे पाहिले आणि हात आपटला. आपल्या हातात त्याच्याहून कितीतरी मोठा अधिकार आहे. कृपा करून डावीकडे पाहा.

कळावे,

आपला नम्र,
हाजरा रोडवरचा एक सायकलस्वार